आमच्या पेवातलं विष

“कोंबडी सोडून बघू,” भूपालमामा म्हणाले आणि आमच्या अंगणातला सगळा गलका एकदम थांबला.

आमचं घर जैनाचं. पाणी गाळून पिणारं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं. पावसाळ्यात पाय टाकतानासुद्धा खाली बघून टाकायचा, मुंगी चिरडली जाईल म्हणून. आणि त्या घराच्या अंगणात सोयरीक ठरवायला आलेला पाहुणा जिवंत कोंबडीला दोरी बांधून पेवात सोडायची भाषा करत होता. तोही जैनच.

“मामा, कोंबडी मेली तर पाप कुणाच्या माथी?” माझ्या सासूबाईंनी विचारलं. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही आक्काच म्हणायची.

“मेली तरच विष आहे असं ठरतं ना.”

“आणि न्हाई मेली तर?”

“मग सोडून देऊ की तिला.”

“व्हय. आणि ती वर येऊन तुमच्या पाया पडंल.” आक्कांनी पदर सावरला. “आमच्या गावात पेव उघडलं की आधी कंदील सोडायची रीत हाय. दिवा जळत राहिला तर माणूस उतरतो. इझला तर न्हाई. मुक्या जीवाला कशाला तरास?”

या गोष्टीला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. माझं सासर सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठचं हळदीचं गाव. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार, हे पुढच्या पिढीला सांगावं लागतं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली वीस-पंचवीस फूट खोल आणि चांगलं ऐसपैस. मोठा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरावा तसं. त्यात हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. गावात अशी कितीतरी पेवं होती. पण आमच्या अंगणातल्या पेवाची गोष्ट निराळी होती. त्यात हळद नव्हती. त्यात सोनं होतं.

निदान सगळे तसं म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजारणीनं मला नळावर गाठून कानात सांगितलं, की तुझ्या आजेसासऱ्यांनी तांब्याचा हंडा भरून मोहरा तळाशी पुरल्यात आणि कुणी हात लावू नये म्हणून भोवती सोमल पसरलाय. सोमल म्हणजे जहरी विष, बोटाला लागलं तरी खलास. माझे सासरे तेव्हा हयात नव्हते. त्यांनीच त्या पेवावर फरशी टाकली होती आणि जाईपर्यंत बजावत होते म्हणे, त्यात कुणी हात घालू नका. आमचे हे, म्हणजे सुकुमार, हळदीच्या वखारीत कारकून होते. त्यांचा त्या सोन्यावर इतका विश्वास होता की त्यांनी आयुष्यात दुसरी कसलीच खटपट केली नाही.

माझ्या दोन्ही थोरल्या नणंदा चांगल्या घरी पडल्या होत्या. राहिली होती धाकटी, त्रिशला. सव्वीस वर्षांची, सावळी, शिवणकामात हात धरणार नाही कुणी अशी. दोन स्थळं होकाराच्या उंबऱ्यावरून परत गेलेली. तिसरं आलं ते मिरजेच्या महावीरचं. शाळेत चित्रकला शिकवायचा. बघायला आला तेव्हा त्यानं पोरीकडं बघितलंच नाही. दाराच्या पडद्यावरचा कशिदा बघत राहिला आणि म्हणाला, “हा निळा कुठं मिळाला तुम्हाला? मी वर्षभर शोधतोय.” त्रिशला त्या दिवसापासून वेगळीच हसायला लागली होती.

पण महावीरला वडील नव्हते. घरात शब्द चालायचा भूपालमामांचा. मामा गुरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. त्या जोरावर त्यांना माणसांच्या रोगांचंही सगळं कळायचं, आणि विषांचं तर विचारूच नका. पेवाची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली होतीच. त्यांनी निरोप धाडला, मुलगी पसंत आहे, पण पेव आमच्यासमोर उघडा. आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघू, मग साखरपुडा. नाहीतर नमस्कार.

आदल्या दिवशी त्रिशला मशीनवर बसली होती. पायाखाली मशीन चालू होतं आणि सुईत दोराच नव्हता.

“वहिनी, ते पेव उघडू देऊ नका,” ती म्हणाली.

“का गं?”

“आत काही असलं तर मामांना ते हवं. नसलं तर त्यांना मी नको. ह्या सगळ्यात मी कुठं आहे, सांगा बघू.”

मी नुसता सुईत दोरा ओवून दिला. लग्न मोडलं तर ही पोर पुन्हा हसायची नाही, एवढं मात्र मला कळत होतं.

त्याच संध्याकाळी आक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, “पद्मा, पेवात दिवा इझतो तो कशानं गं? तुमच्या पुस्तकात काय दिलंय?”

मी नुकतीच बीएस्सी झालेली. रसायनशास्त्र घेऊन. असा प्रश्न घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मी अर्धा तास बोलले. बंद जागेत काडीकचरा कुजतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो, त्यात ज्योत जगत नाही आणि माणूसही जगत नाही. आक्का मन लावून ऐकत होत्या.

“म्हणजे दिवा इझला तर तू काय म्हणशील?”

“खाली उतरू नका म्हणीन.”

“कोण काय बी म्हणू दे?”

“कुणी काहीही म्हणू दे. माणूस मरेल तिथं.”

“चांगलं शिकलीस,” आक्का म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

तर रविवारी सकाळी कोंबडी रद्द होऊन कंदील ठरला. मी रॉकेलचा डबा आणायला निघाले, तशी आक्कांनी हाताला धरून थांबवलं. “भरलाय मी. तू पाव्हण्यांचं बघ.”

पाहुणे सगळे मिळून सातजण होते. महावीर एका बाजूला मान खाली घालून उभा होता. बाकीच्यांनी मामांच्या हुकमावरून ओले पंचे नाकाला बांधले होते, त्यामुळे अंगणात दरोडेखोर शिरल्यासारखं दिसत होतं. मामा पेवामागच्या लाकडांच्या ढिगावर टेकायला गेले तर आक्का केवढ्यानं ओरडल्या, “तिथं नको! इंचू हाय!” मामांनी उडी मारली. मग त्यांना खुर्ची दिली.

खुर्चीत बसून त्यांनी वाटीभर पातळ तूप मागवलं. विषावर तूप हा उतारा, आधी पोटात असलं म्हणजे विष चिकटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्कांनी मोठ्यातली मोठी वाटी भरून दिली. मामांनी ती सगळ्यांदेखत संपवली.

“पण मामा, उतरणार कोण आहे?” ह्यांनी विचारलं.

“इराप्पा उतरेल. मी वरून मार्गदर्शन करीन.”

इराप्पा म्हणजे गावातला जुना हमाल. हयात पेवांत चढण्या-उतरण्यात गेलेली. त्यानं आणि ह्यांनी पहार घालून फरशी सरकवली. आतून गार, मातकट वास आला. सगळे दोन पावलं मागं सरले. मामा तीन.

“आता मूळ प्रश्न,” पंच्यातून मामांचा आवाज आला. “एवढी वर्षं विष टिकतं का? आमच्या दवाखान्यात बाटलीवर मुदत लिहिलेली असायची. मुदत संपली की औषध मेलं. मग विषाला काय वेगळा कायदा आहे? माझं मत, तो सोमल आता पिठासारखा झाला असणार. तुमची सून बीएस्सी आहे म्हणे. विचारा तिला.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या ज्ञानाला असा श्रोतृवर्ग पुन्हा कधी मिळाला नाही.

“सोमलाला मुदत नसते,” मी म्हटलं. “तो कुजत नाही, उडून जात नाही. शंभर वर्षांनी काढला तरी तसाच.”

पाहुण्यांत कुजबुज झाली. पण मला पुढचंही सांगायचं होतं. तळाशी पडलेला सोमल काही आपोआप वर येऊन माणसाला धरत नाही, हातमोजे घातले तर भागतं. मी तोंड उघडलं तोच आक्कांनी काडी ओढली.

“चला, दिवा लावला. सोडा आता.”

ह्यांनी पेटलेला कंदील हातात घेतला. पण मामांना पेटता दिवा दिसला की बोलावंसंच वाटायचं. ते उभे राहिले. पूर्वजांची दूरदृष्टी, जुन्या लोकांचं वैद्यकीय ज्ञान, एका म्हशीला झालेली विषबाधा आणि तिचं त्यांनी स्वतः केलेलं निदान, असं भाषण सुरू झालं. आक्का एरवी मुनिमहाराजांचं तीन तासांचं प्रवचन मांडी न बदलता ऐकणाऱ्या. त्या दिवशी त्यांना उभं राहवेना.

“मामा, म्हस मागनं. दिवा सोडू दे की.”

“सांगतो, सांगतो. तर त्या म्हशीच्या तोंडाला फेस...”

“मामा, घटका टळतीया!”

“बाईंना खजिन्याची घाई झाली,” मामा हसून पाहुण्यांना म्हणाले.

आक्कांचे ओठ हलत होते. णमोकार मंत्र चालला होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. बिचारी पोरीसाठी देवाचा धावा करतेय, असं मला वाटलं. त्रिशला दारात पडद्याला धरून उभी होती. तिच्या मुठीत पडद्याची सगळी निळी फुलं चुरगळली होती.

म्हैस एकदाची बरी झाली आणि ह्यांनी कंदील सोडला. दोरी हळूहळू सरकत होती. मी काठावर ओणवी होऊन बघत होते. पाच फूट, दहा फूट. पेवाच्या भिंती पिवळ्या दिसायला लागल्या. पंधरा फुटांवर ज्योत बारीक झाली. मग एकदम उसळली, फडफडली, आणि गेली. खाली काळोख.

माझ्या डोळ्यांपुढं पुस्तकातलं पान उभं राहिलं, आकृतीसकट.

कंदील वर ओढला. त्याला करपट वास येत होता. मामांनी पंचा जरा खाली करून लांबूनच वास घेतला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

“हाच तो! सोमल! पस्तीस वर्षांत हा वास विसरलेलो नाही.”

इराप्पानं कंदील हातात घेतला. कानाशी नेऊन हलवला. मग आक्कांकडं बघितलं. आक्कांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं कंदील हळूच त्यांच्या हातात दिला आणि अंगात सदरा घातला.

“आपन न्हाई उतरत,” तो म्हणाला. “बायकापोरं हायती.”

आक्का कंदील घेऊन तडक स्वयंपाकघरात गेल्या.

“सूनबाई,” मामा माझ्याकडं वळले. “तुमचं शास्त्र काय म्हणतं?”

माझी खरी परीक्षा ती होती, विद्यापीठाची नव्हे. खरं उत्तर मला माहीत होतं. हे विष नाही, साधा वायू आहे. दोरीला छत्री उघडी बांधून वरखाली हलवा, कडुलिंबाच्या डहाळ्या सोडून वारा घाला, तासाभरात पेव उतरण्याजोगं होईल. चार वाक्यांचं काम. मी त्रिशलाकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“आत्ता उतरलेला माणूस जिवंत वर येणार नाही,” मी म्हटलं.

त्यात एक शब्द खोटा नव्हता, असं मी स्वतःला बजावलं. फक्त छत्रीचं सांगितलं नाही. घशाशी आलेलं ज्ञान असं गिळायची सवय नव्हती मला. फार जड गेलं.

मामा खुर्चीत बसले आणि विचारात पडले. पोटातलं तूप आता आपलं काम करायला लागलं होतं, ते अधूनमधून अस्वस्थ होत होते. मग त्यांनी मान वर केली.

“एक गोष्ट सिद्ध झाली,” ते म्हणाले. “रिकाम्या घरावर कुणी पहारा बसवत नाही. एवढं जालीम विष, म्हणजे आत माल तेवढाच मोठा. आज निघाला नाही, पण जातो कुठं? जावयाचा मान राहिलाच की. साखर आणा. आणि मला आधी जरा ते... परसाकडं कुठल्या बाजूला?”

साखरपुडा दुपारी झाला. मामा अर्ध्या विधीला हजर होते, अर्ध्याला परसाकडं.

वैशाखात लग्न लागलं. महावीरनं स्वतःच्या हातानं मांडव रंगवला, सगळीकडं तोच निळा. मामा पुढं अठरा वर्षं जगले. दर दिवाळीला येऊन पेवाच्या फरशीला लांबून नमस्कार करायचे आणि मला विचारायचे, “काय सूनबाई, जोर आहे ना अजून?” मी म्हणायची, “आहे मामा.” त्यांना समाधान वाटायचं.

पण मला सांगायचं आहे ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं. त्रिशला सासरी गेली होती. दिवेलागणीला वीज गेलेली, आक्का चुलीपाशी कंदिलाची काच पुसत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. इतके दिवस पोटात ठेवलेलं मला आता सांगायचंच होतं.

“आक्का, एक सांगू? त्या दिवशी पेवात विष नव्हतं. नुसता वायू होता. छत्री हलवली असती तर निघून गेला असता. मला माहीत होतं. त्रिशीसाठी गप्प बसले.”

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग काच बाजूला ठेवली, कारण त्यांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाठीवर हात फिरवला.

“वायू कसला गं लेकरा? आत वारा खेळतोय. मागली कड दोन पावसाळ्यांमागंच खचलीया. भोक पडलंय एवढं. म्हणून तर वर लाकडं रचलीत.”

“मग दिवा?”

“दोन चमचे रॉकेल घातलं हुतं. आदल्या दिवशी लावून बघितलं. सत्तावीस णमोकार म्हणून हुईस्तवर जळतो. त्या मुडद्याची म्हस मधी आली, तवा जीव टांगणीला लागला माझा. बाविसावा चालू हुता आणि कंदील अजून वरच!”

माझी बीएस्सी त्या चुलीपुढं बसल्या जागी गळून पडली. करपलेल्या वातीचा वास माझ्या नाकापाशी आला होता. वायूनं विझलेली ज्योत अशी उसळत नाही, फडफडत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. इराप्पाला कंदील हलवून कळलं होतं. मला आकृती आठवत होती.

“मला आधी सांगायचं की.”

“तुला खोटं बोलाय येतंय व्हय? तोंडावर दिसलं असतं. तुला खरंच वाटाय पायजे हुतं. म्हणून तर आदल्या दिवशी इचारून घेतलं.”

“आणि सोनं?”

“कशाचं सोनं. एक साली पेवात पाणी शिरलं, सगळी हळद कुजली. मालकांनी उपसून फरशी टाकली. शरमेनं कुणाला बोलले न्हाईत, एवढंच म्हणायचे, त्यात कुणी हात घालू नका. थोरलीला बघाय आले, त्यांनी इचारलं, आत काय हाय? मी म्हटलं, मालक हात घालू नका म्हणत्यात. बास. फुडचं समदं त्यांनीच ठरवलं. आमी नुसती फरशी घातली, पद्मा. विष लोकांनी घातलं.”

मला हसायला हवं होतं, पण मनात भलतंच आलं आणि राग दाटून आला. माझे वडील जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

“म्हणजे माझ्या वडलांनाही असंच फसवलंत. त्यांनीही पेव बघूनच मला दिलं.”

आक्कांचं हसू गेलं. त्यांनी कंदिलाची वात वर काढली, काजळी चिमटीनं साफ केली.

“तुझ्या बापानं पेवाचं नाव काढलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मीच दोनदा इषय काढला. खोटं कशाला बोलू. त्यांनी ऐकूनच घेतलं न्हाई. म्हणाले, ते असू द्या बाई, पोरीचं कॉलेजचं एक वर्स ऱ्हायलंय. तेवढं पुरं करू द्याल काय, एवढं सांगा. तीन पोरींची लगीनं केली मी, पाच-पंचवीस पाव्हणे बघितले. पेव सोडून दुसरं कायतरी इचारणारा त्यो एकच माणूस.”

वडलांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते वर्ष मला सासरच्यांनी आपणहून दिलं, असं मी धरून चालले होते. मी रडले. भरपूर रडले. आक्कांनी रडू दिलं.

मग त्यांनी कंदील माझ्यापुढं सरकवला.

“भर,” त्या म्हणाल्या. “आज नीट भर.”

मी डबा घेतला. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं. कंदील काठोकाठ भरला आणि चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर चांगलं अर्धी वाटी रॉकेल सांडलं. एरवी थेंबासाठी ओरडणाऱ्या आक्कांनी त्यावर नुसती राख टाकली आणि कंदील लांब सरकवला. त्यांनी काडी ओढली.